रॉकचं गाणं विजेविना पुन्हा बांधताना

१९७० साली 'डेरेक अँड द डॉमिनोज' या बँडने 'लैला' रेकॉर्ड केलं, तेव्हा एरिक क्लॅप्टन पंचवीस वर्षांचा होता. गाणं उघडतं ते गिटारच्या किंकाळीने. क्लॅप्टन आणि ड्युएन ऑलमन यांच्या गिटारी एकमेकींवर चढत जातात आणि त्या कल्लोळातून वाट काढण्यासाठी गायक जीव तोडून गातो. १६ जानेवारी १९९२ रोजी इंग्लंडमधल्या ब्रे स्टुडिओत तोच क्लॅप्टन, आता सेहेचाळीस वर्षांचा, लाकडी गिटार घेऊन खुर्चीत बसला, समोरच्यांना 'हे ओळखता येतंय का बघा' अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला आणि वाजवू लागला. शब्द तेच होते. पण लय उतरलेली, ठेका झुलता, आवाज जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर आलेला. पहिल्या गाण्यात आग्रह होता, दुसऱ्यात आठवण. या दुसऱ्या 'लैला'ला १९९३ मध्ये सर्वोत्कृष्ट रॉक गाण्याचं ग्रॅमी मिळालं, मूळ गाण्यानंतर तब्बल बावीस-तेवीस वर्षांनी.

जुन्याजाणत्या रॉक बँडने आपली गाणी अकूस्टिक केली की आपण सहज म्हणतो, 'वायर काढून वाजवलं'. जणू वीज हा वरचा मुलामा होता आणि तो खरवडला की आतलं खरं गाणं दिसतं. मला हे अजिबात पटत नाही. रॉकमध्ये वीज बँडमधल्या आणखी एका वादकासारखी काम करत असते. ती सूर धरून ठेवते, मधल्या जागा भरते, काही स्वर गाळायला लावते आणि गायकाने किती वर गायचं तेही ठरवते. तो वादक उठून गेला की त्याची कामं बाकीच्यांत वाटावी लागतात, आणि काही कामं कुणालाच जमत नाहीत. अकूस्टिक रूप चांगलं झालं की फसलं, हे बहुतेक वेळा या वाटणीवर ठरतं.

सगळ्यात मोठं काम सूर टिकवण्याचं. तार छेडताना आपण तिच्यात थोडी ऊर्जा घालतो. लाकडी गिटारमध्ये ती ऊर्जा घोडीवाटे तबलीत, म्हणजे पेटीच्या वरच्या पातळ फळीत, उतरते, तबली हवा हलवते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. म्हणजे ही गिटार जितक्या मोकळेपणाने बोलते, तितकी तारेतली पुंजी लवकर संपते. रॉकमधल्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींचं अंग भरीव असतं. ते फारसं हलत नाही, त्यामुळे ऊर्जा बराच वेळ तारेतच राहते. खालचा चुंबकी पिकअप तारेचं कंपन विजेच्या लाटेत बदलतो आणि अ‍ॅम्प ती लाट मोठी करतो.

इथे डिस्टॉर्शन येतं. प्रत्येक अ‍ॅम्पची एक कमाल मर्यादा असते. झेपेल त्याहून मोठी लाट आत आली की तिचे शेंडे कापले जातात. शेंडे कापलेल्या लाटेत मूळ सुराबरोबर वरचे अनेक स्वर उगवतात, म्हणून आवाज दाट आणि खरखरीत होतो. हा खरखरीतपणा मिळवण्यासाठी 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये आपल्या स्पीकरचा पडदा चक्क ब्लेडने फाडला होता. पण त्या खरखरीआड आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्याकडे आपलं कमी लक्ष जातं. तार छेडल्याक्षणीची जोरदार लाट मर्यादेच्या छताला टेकते, आणि थोड्या वेळाने दुबळी झालेली लाटही अ‍ॅम्पने मोठी केल्यावर त्याच छताला टेकते. कानाला दोन्ही सारख्याच मोठ्या. तार विझत असते, पण सूर उभा असतो. त्यात स्पीकरचा आवाज पुरेसा मोठा असेल तर तोच हवेतून येऊन तारेला पुन्हा हलवतो, आणि सूर हवा तितका वेळ चालू राहतो.

आयर्लंडच्या 'यू टू' या बँडने तर याच्याही पुढे जाऊन पाहिलं. १९८७ च्या 'विथ ऑर विदाउट यू'मध्ये मागे जी न संपणारी गिटार ऐकू येते, ती कॅनडाच्या मायकल ब्रूकने तयार केलेल्या 'इन्फिनिट गिटार'ची आहे. तिच्यात तारेला विजेने सतत ऊर्जा पुरवली जाते; छेडलेला सूर विझतच नाही. आता हे गाणं लाकडी गिटारवर घ्यायचं म्हटलं तर काय करणार? त्या एका लांब सुराला गिटारमध्ये जागाच नाही. मग तो सूर चेलोकडे जातो, कारण गज चालू आहे तोवर चेलोच्या तारेला ऊर्जा मिळत राहते. किंवा ऑर्गनकडे जातो, अकॉर्डियनकडे जातो, माणसाच्या गळ्याकडे जातो. अशा विजेविना वाजवलेल्या, म्हणजे 'अनप्लग्ड' मैफलींत चेलो किंवा व्हायोलिन वाजवणारं कुणी इतक्या वेळा दिसतं, त्याचं मुख्य कारण हे आहे. ती सजावट असते असा समज आहे. प्रत्यक्षात विझणाऱ्या तारांमध्ये न विझणारा एक तरी आवाज लागतोच.

दुसरं काम समजून घ्यायला थोडं गणित लागेल, पण ते मला फार सुंदर वाटतं. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर. रॉक गिटारिस्ट जी 'पॉवर कॉर्ड' वाजवतात तिच्यात दोनच स्वर असतात: सा आणि प. गंधार नसतो. तो आळसाने सोडलेला नसतो, डिस्टॉर्शनने सोडायला लावलेला असतो. दोन सूर एकाच वेळी डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूरही तयार होतात. सा सेकंदाला २०० कंपनांचा धरू, म्हणजे प ३०० चा. वजाबाकी १००, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा. कुणी न वाजवलेला खर्ज फुकटात मिळाला! दोन बोटांच्या कॉर्डमधून डोंगर कोसळल्यासारखा आवाज येतो, त्यात या खर्जाचा वाटा असतो.

आता कोमल गंधार घालून बघू. तो २४० चा. २४० वजा २०० म्हणजे ४०, आणि ४० हा कितीतरी खालचा कोमल धैवत आहे. कॉर्डमध्ये ज्याला कुणी बोलावलं नव्हतं असा पाहुणा. शुद्ध गंधार असेल तर वजाबाकी ५० यायला हवी, म्हणजे दोन सप्तकं खालचा सा. पण गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार २५० ऐवजी जवळपास २५२ चा निघतो, आणि वजाबाकी ५२. अर्ध्या स्वराच्या दोन तृतीयांशाइतका चढलेला, बेसूर सा. गिटारच्या पंचमातही अशी चूक असते, पण ती कंपनाच्या एक तृतीयांशाइतकी, कानाला जाणवणार नाही अशी. म्हणून डिस्टॉर्शनमध्ये पंचम राहिला आणि गंधार गेला.

लाकडी गिटारवर ही अडचण उरत नाही, पण फुकटचा खर्जही उरत नाही. नुसते सा-प पोकळ वाटायला लागतात. मग वादक गंधार परत आणतो, आणि आणताना त्याला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: शुद्ध की कोमल? शुद्ध घातला की कॉर्ड मेजर, म्हणजे उजळ होते, कोमल घातला की मायनर, म्हणजे उदास. मूळ गाण्यात गिटारने हे उघडं ठेवलेलं असतं आणि चाल कुठे जाते त्यावरून आपला कान अंदाज बांधतो. वीस-तीस वर्षं उघडा राहिलेला प्रश्न अकूस्टिक रूपात एका बोटाने मिटतो. ओळखीचं आडदांड गाणं अकूस्टिकमध्ये एकदम उदास किंवा एकदम प्रेमळ वाटायला लागलं तर 'शांत वाजवलं म्हणून' असं म्हणून सोडून देऊ नका. गंधार कुठला आलाय ते ऐका.

तिसरं काम प्रतिध्वनीचं, आणि त्यासाठी पुन्हा 'यू टू'कडेच जावं लागतं. त्यांचा गिटारिस्ट द एज याने डिले यंत्राला वाद्यच बनवलं. समजा लय मिनिटाला १२० मात्रांची आहे, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. वादक अर्ध्या-अर्ध्या मात्रेवर, दर २५० मिलिसेकंदांनी एक आघात करतो. डिले यंत्र तोच आघात ३७५ मिलिसेकंदांनी, म्हणजे पाऊण मात्रेनंतर परत ऐकवतं. हा प्रतिध्वनी पुढच्या दोन आघातांच्या बरोबर मध्ये पडतो. हात मात्रेला दोन सूर वाजवतोय आणि आपल्याला चार ऐकू येतायत, त्यातले निम्मे मागून आलेले. हे यंत्र काढलं तर गिटारचा भाग निम्मा होतो, आणि हाताने चारही सूर वाजवले तरी ते सारखेच ठसठशीत पडतात. सावली आणि वस्तू यांतला फरक जातो. मार्च २०२३ मध्ये 'यू टू'ने 'साँग्ज ऑफ सरेंडर' या संग्रहात आपली चाळीस गाणी नव्याने, बहुतेक अगदी मोजक्या वाद्यांत बांधली. ती ऐकताना मला सर्वांत जास्त ओढाताण जाणवली ती डिलेवर उभ्या असलेल्या गाण्यांत. ज्यांची चाल एकट्या गळ्यावर उभी राहते, ती गाणी सुखाने नव्या घरात गेली. ज्यांत गिटारचा प्रतिध्वनी हीच रचना होती, ती तिथे थोडी परकी वाटतात.

ड्रमचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. पूर्ण जोरात वाजणारा ड्रमसेट लाकडी गिटारला गिळून टाकतो, म्हणून काठ्यांच्या जागी तारांचे ब्रश किंवा बारीक काड्यांच्या जुड्या येतात, कधी ड्रमसेटच जातो आणि वादक कहोन या लाकडी खोक्यावर बसून हाताने ठेका धरतो. ब्रश कातड्यावर फिरवला की सळसळ लांबवता येते, हा त्यातला एक छोटा फायदा.

खरी पंचाईत लहान-मोठ्या आवाजाची. रॉकमध्ये कडवं दबक्या आवाजात आणि ध्रुवपद फुटून बाहेर पडणारं, ही बांधणी फार रुळलेली आहे. पायाखालचं पेडल दाबलं की एका क्षणात आवाजाची भिंत उभी राहते. लाकडी गिटार कितीही जोरात खाजवली तरी तेवढी उडी मारू शकत नाही. 'निर्व्हाना' हा काही मुरलेला बँड नव्हता, पण ही गोष्ट त्यांना नेमकी कळली होती. १८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये त्यांनी अनप्लग्ड मैफल केली तेव्हा आपलं सगळ्यात गाजलेलं, याच उडीवर उभं असलेलं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' त्यांनी घेतलंच नाही. चौदांपैकी सहा गाणी तर दुसऱ्यांची निवडली. कुठलं गाणं विजेविना उभं राहणार नाही हे ओळखणं, ही या कामातली पहिली पायरी आहे. ज्यांना उडी हवीच असते ते ती वेगळ्या वाटेने आणतात: कडव्यात एकटा गळा आणि ध्रुवपदात चौघांचे गळे, कडव्यात बोटांनी छेडलेल्या सुट्या तारा आणि ध्रुवपदात पूर्ण हात, किंवा कडवंभर बेस गप्प ठेवायचा आणि ध्रुवपदाच्या पहिल्या मात्रेवर आणायचा.

याच मैफलीत 'निर्व्हाना'चा गायक-गिटारिस्ट कर्ट कोबेन याची लाकडी मार्टिन गिटार अ‍ॅम्पला आणि पेडलला जोडलेली होती. ही लबाडी नव्हती. अमेरिकेतल्या एमटीव्ही वाहिनीने १९८९ मध्ये 'अनप्लग्ड' हा कार्यक्रम सुरू केल्यापासून हे नाव रूढ झालं, पण सभागृहभर लोकांना ऐकू जायचं तर लाकडी गिटारलाही विजेचा आधार लागतोच. बहुधा घोडीखाली पिएझो नावाची पट्टी बसवलेली असते. दाब पडला की वीज निर्माण करणारं हे द्रव्य घोडीवरचं कंपन टिपतं. अडचण अशी, की गिटारची पोकळ पेटी स्पीकरच्या आवाजानेही थरथरते आणि मोठा घुमणारा भोंगा सुरू होतो. तो टाळायला आवाजाच्या गोल भोकात रबराची चकती बसवतात. थोडक्यात, अनप्लग्डमध्ये वीज असतेच. फक्त तिने आवाज दूर पोचवायचा, आवाज घडवायचा नाही, एवढी तिची हद्द ठरते.

सोलोची गोष्ट बोटांना कळते. इलेक्ट्रिक गिटारची सगळ्यात बारीक तार इंचाच्या ९ किंवा १० हजारांश भागाची असते, लाकडी गिटारची साधारण १२ हजारांशाची. शिवाय तिसरी तार इलेक्ट्रिकवर बहुधा साधी असते आणि लाकडीवर वरून धातू गुंडाळलेली. तार बाजूला खेचून काढलेली लांब मींड हा रॉक सोलोचा प्राण. जाड, ताठ तारांवर ती खेचता खेचता बोटं सोलतात, आणि तेवढ्यात सूरही विझून जातो. म्हणून सोलो नव्याने रचावा लागतो. 'ईगल्स'चं 'हॉटेल कॅलिफोर्निया' हे माझ्या मते या बाबतीतलं सगळ्यात शहाणं काम आहे. १९७६ च्या मूळ गाण्यात शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या इलेक्ट्रिक गिटारींची जुगलबंदी आहे. १९८० मध्ये बँड फुटला आणि १९९४ मध्ये पुन्हा एकत्र आला तेव्हा फेल्डरने हे गाणं नायलॉनच्या तारांच्या गिटारवर घेतलं आणि सुरुवातीला स्पॅनिश वळणाचा एक नवा, लांब आलाप जोडला. नायलॉनचा सूर आणखी लवकर विझतो, पण तो गोल आणि मऊ असतो, आणि भराभर पडणाऱ्या सुट्या सुरांना शोभतो. मींड गेली, तिच्या जागी दाणेदार सुरांची लड आली. शेवटची जुगलबंदी मात्र त्यांनी मोडली नाही. दोन गिटारी समांतर चालत असल्यामुळे एकीचा सूर विझायच्या आत दुसरीचा येतो. ती रचना मुळातच विजेवर कमी अवलंबून होती.

आणि गळा. मुरलेल्या बँडच्या बाबतीत निम्मा विषय तोच आहे. वयाबरोबर स्वरतंतूंचा लवचीकपणा कमी होतो, फुप्फुसांची ताकद घटते, तार सप्तकातल्या जागा आधी दुरावतात. त्यात एक जुनं निरीक्षण जोडावं लागेल. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये मांडलं होतं, की गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. रॉक गायकाने तरुणपणी गाठलेली उंच पट्टी पुष्कळदा मागच्या अ‍ॅम्प आणि ड्रमशी झगडून गाठलेली असते. अकूस्टिकमध्ये तो झगडा नाही. मायक्रोफोन ओठांजवळ घेता येतो, आणि जवळून गायलं की बहुतेक मायक्रोफोन आवाजातला खालचा, उबदार भाग वाढवून देतात. पट्टी दोन पडदे उतरवली की सगळ्यात वरच्या सुराची कंपनसंख्या सुमारे ११ टक्क्यांनी कमी होते. ऐकायला किरकोळ, पण साठीतल्या गळ्यासाठी ताणून मारणं आणि सहज लावणं यातला तो फरक आहे.

पट्टी उतरवणं गिटारला मात्र सोपं नसतं. रॉकचे कितीतरी रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे, सगळ्यात जाड, मोकळ्या तारेवर बांधलेले असतात आणि त्या तारेच्या खाली गिटारमध्ये सूरच नाही. मग सगळ्या तारा ढिल्या करून उतरवायच्या किंवा रिफ दुसरीकडे नव्या बोटांनी बसवायचा. दोन्ही वाटांनी गाण्याचा पोत बदलतोच. जर्मनीच्या 'स्कॉर्पियन्स'सारख्या, १९६५ पासून वाजवणाऱ्या बँडने लिस्बनमधल्या एका जुन्या मठात २००१ मध्ये आणि अथेन्सच्या टेकडीवरच्या खुल्या रंगमंचावर २०१३ मध्ये अशा मैफली रेकॉर्ड केल्या. त्यांची हळुवार गाणी अशी काही बिघडणार नव्हतीच. कस लागला तो रिफवर उभ्या असलेल्या, धडाक्याच्या गाण्यांचा.

'यू टू'चा गायक बोनो १९८३ मध्ये 'संडे ब्लडी संडे' गायला तेव्हा बावीस वर्षांचा होता; 'साँग्ज ऑफ सरेंडर' आला तेव्हा बासष्टचा. मूळ गाणं लष्करी कवायतीच्या ड्रमवर चालतं, आणि ३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात झालेल्या गोळीबाराची सावली त्यावर आहे. ड्रम बाजूला झाला की शब्द उघडे पडतात. कल्लोळात खपून गेलेली कच्ची ओळ आता एकटी उभी असते आणि गाणाऱ्याला आपली वाटेनाशी होते. या संग्रहात बँडने काही गाण्यांचे शब्द बदलले. 'संडे ब्लडी संडे'च्या ओळी बदलल्या, 'वॉक ऑन' हे गाणं युक्रेनकडे वळवलं. काही चाहत्यांना हे आवडलं नाही, आणि त्यांचं दुःख मला समजतं. त्यांच्या आठवणीतली ओळ तीच होती. पण शब्दांमागे लपायला काहीच उरत नाही तेव्हा ते तपासून घेणं, हे मला प्रामाणिकपणाचं वाटतं. यात पैशाचाही भाग आहे: नवं ध्वनिमुद्रण म्हणजे विकायला नवी वस्तू. तेवढ्याने ते काम खोटं ठरत नाही.

शेवटी परत 'लैला'. १९७० चं गाणं सात मिनिटांचं आहे, आणि त्याचा जवळपास सगळा उत्तरार्ध पियानोवर आहे, वादळ ओसरल्यावरच्या शांततेसारखा. पियानो तर विजेविना वाजणारंच वाद्य. १९९२ च्या मंचावर चक लेव्हेलसारखा पियानोवादक हजरही होता. म्हणजे सगळ्या गाण्यात हा एकच भाग असा होता, की जो फारसं काही न बदलता अनप्लग्डमध्ये आणता आला असता. क्लॅप्टनने तोच गाळला आणि गाणं पाच मिनिटांच्या आत संपवलं. नवं गाणं पहिल्या मात्रेपासूनच वादळानंतरचं होतं.